गंगाबाईंचं तीळभर

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं सासूबाई सांगतात. पण सगळी गोष्ट ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ करत सांगितली तर तुमचाच गोंधळ व्हायचा. म्हणून घेते: राजगोपाल. स्वामिमलैच्या त्यागराज स्थपतींकडे देवांच्या मूर्ती ओतायला शिकले, आणि कुंभकोणात परत येऊन ओतू काय लागले, तर शिलाई यंत्राची खिटी, कुलपाची जीभ, घड्याळाची किल्ली. मामंजी, म्हणजे माझे सासरे मुकुंदराव, म्हणत, "देव सोडून खिळे धरले." त्यांनी तिरुच्चीला एका वकिलाकडे कारकुनाची जागा बघून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. परसातल्या भट्टीशी काळे हात घेऊन बसलेला, गुणगुणणारा नवरा मला आवडत होता. मेजाशी बसलेला कसा निघेल कोण जाणे.

पोंगलच्या तोंडावर साक्कोट्टैच्या तंबू-सिनेमाचं यंत्र बंद पडलं. फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तिला खाली ओढणारी आकडी तुटली होती, करंगळीच्या नखाएवढी. मालक व्यंकटरमण तुकडे रुमालात बांधून आमच्या ओसरीवर आला. मद्रासहून नवी यायची तर सण निघून गेला असता. मामंजींनी संधी साधली.

"हे यंत्र चालले तर भट्टी राहू दे," ते लेकाला म्हणाले. "न चालले तर तिरुच्ची. कबूल?"

राजगोपालनी मान डोलावली.

मेणात राळ घालून आकडी घडवायची, तिच्यावर कावेरीचा मऊ गाळ लावायचा, तो वाळला की जाड माती. तापवलं की मेण वाहून जातं आणि आत पोकळी राहते. तीत वितळलेलं पंचलोह, म्हणजे देवांच्या मूर्तींचाच धातू, ओतायचं, आणि निवलं की साचा फोडायचा. पहिली आकडी मापाला कमी भरली. धातू निवताना आकसतो. मूर्तीत एवढंसं खपून जातं, आकडीत नाही. यंत्रात बसवली तर भोकातून निसटू लागली. शिवाय वितळल्या धातूची मूस भट्टीवरून उतरवताना राजगोपालनी उजव्या हाताची बोटं भाजून घेतली. त्यागराजांचा निरोप आला: मेण एळ्ळळवु जास्त ठेव. एळ्ळु म्हणजे तीळ, अळवु म्हणजे माप.

बोटांना पट्टी, आता मेण कोण घडवणार? सासूबाई, गंगाबाई, पुढे झाल्या. लग्नकार्यात गव्हले वळावेत ते गंगाबाईंनीच, असं पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या आमच्या सगळ्या मराठी घरांत म्हणतात.

"कैसे करावे सांग," त्या म्हणाल्या.

"पहिल्या आकडीसारखेच. फक्त सगळीकडून तीळभर अधिक, आई."

"येवढेच ना?"

राजगोपाल भट्टी बघायला परसात गेले, आणि तिथेच चुकलं. आमच्या घरात ‘तीळभर’ हे माप सासूबाईंचं आहे. "तीळभर तूप घालते," म्हणतात आणि पळी उपडी करतात. मामंजी रोज पानावर हात आडवा धरतात, "तुझे तीळभर पुरे," म्हणतात, आणि तूप त्यांच्या बोटांवरून ओघळतं. त्या दिवशी तर सासूबाईंनी उत्साहाच्या भरात गाळाचा पहिला हातही देऊन टाकला. आत काय दडलंय ते कुणाला दिसणार?

पोंगलच्या दिवशी दुपारी साचा फोडला. डिंकाचे लाडू खाऊन सुटलेल्या बाळंतिणीसारखी गुबगुबीत आकडी बाहेर आली. राजगोपालनी ती तुटक्या तुकड्यांशेजारी धरून बघितली. खेळ संध्याकाळी होता, दुसरा साचा वाळायलाही वेळ नव्हता. मामंजी आत गेले आणि तिरुच्चीसाठी पत्र्याची पेटी झटकू लागले.

"मी तर तीळभरच लावले," सासूबाई म्हणाल्या.

मला हसूही येत होतं आणि रडूही. पेटीचा तो खडखड आवाज ऐकवत नव्हता. आणि मग एकदम लक्षात आलं.

"पहिली कमी होती, ती वाढवता येईना," मी म्हटलं. "ही जास्त आहे. जास्तीचे घासता येते की."

राजगोपालनी आकडी रुमालात बांधली. मग म्हणाले, "कानस आण. तूही चल."

साक्कोट्टैच्या तंबूत त्यांनी डाव्या हाताने आकडी चिमट्यात धरली आणि कानस मी चालवली. थोडं घासायचं, यंत्रात बसवून बघायचं, पुन्हा काढायचं. बाहेर वाळूत बसलेली माणसं शिट्ट्या मारत होती. शेवटी आकडी जागेवर गेली, फिल्मच्या भोकात शिरली आणि सुटली नाही. पडद्यावर उजेड पडला. आकडी पंचलोहाची आहे हे कळताच व्यंकटरमणने चपला काढल्या आणि यंत्राला कुंकू लावलं. मामंजीही आमच्याबरोबर आले होते, मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी अख्खा खेळ बघितला आणि परतताना बैलगाडीत डोळे मिटून घेतले. मी सगळी वाट त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं वाढली. सासूबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या.

"तीळभर?"

मामंजींचा हात सवयीने उठला, पानावर आडवा होता होता थांबला आणि मांडीवर परत गेला.

"वाढ," ते म्हणाले. "तुझेच तीळभर वाढ."