बोट बंद, बोट चालू

फिलिपाइन्समधल्या इलोइलोहून गिमारास बेटावर जाणाऱ्या बोटींची वेबसाइट मी सांभाळते. वारा वाढून तटरक्षकांनी मनाई केली की मी कचेरीतून एक बटण दाबते आणि 'आज बोटी बंद' अशी पाटी सगळ्यांना दिसते.

त्या मंगळवारी सकाळीही दाबलं. दहा मिनिटांत तिकीट खिडकीवरच्या मानांग पर्लिताचा, म्हणजे पर्लिताताईचा फोन.

"इंदाय, अगं पोरी, बोटी बंद की चालू? काय ते एकदा ठरव!"

"बंद, मानांग."

"मग इथं लोक मोबाइलवर तिकिटं काढून उभे आहेत ते कसे?"

मी पान पाच वेळा उघडलं. पाचही वेळा बंद. "त्यांच्याकडे जुनं पान असेल हो."

"आत्ता माझ्यासमोर उघडलं. नवऱ्याला बंद दिसतंय, बायकोला चालू. मला वेडी ठरवू नकोस हं!"

पुन्हा बटण दाबलं. काही फरक नाही. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून प्रोग्राम वाचला, तर त्यात चुकायला जागाच नव्हती. शेवटी चालत धक्क्यावर गेले.

ते जोडपं पान्सितचं, म्हणजे शेवयांचं मोठं ताट घेऊन उभं होतं. दोघांचे फोन मी शेजारी शेजारी धरले. पत्ता तोच, वेळ तीच. एकावर बंद, एकावर चालू.

"खरं कुणाचं?" बायकोनं विचारलं.

"तुमच्या नवऱ्याचं."

"पहिल्यांदाच! पण पलीकडे बाप्तिस्मा आहे, हे कोण खाणार?"

मी सर्व्हर बघणाऱ्या ग्लेनमारला फोन लावला. "इतक्यात काही बदललंस का रे?"

"काही नाही. गर्दी वाढली म्हणून एकाच्या जागी तीन सर्व्हर लावले, बस."

मग सगळं उलगडलं. पाटी सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत राहायची. माझं बटण एकालाच कळत होतं. उरलेल्या दोघांना वाऱ्याचा पत्ताच नव्हता. ज्याची गाठ ज्या सर्व्हरशी पडेल, त्याला तसं दिसायचं. मी कायम त्या एकाच्याच वाट्याला येत होते.

कचेरीत परतून पाटी सामायिक डेटाबेसमध्ये हलवली, म्हणजे तिन्ही सर्व्हर तिथूनच वाचतील. जेवणाची वेळ टळून गेली होती.

"मानांग, आता?"

"आता सगळ्यांना बंद दिसतंय. पण वारा पडलाय. तटरक्षकांनी परवानगी दिली, चालू कर."

मी बटण दाबलं. "काय दिसतंय?"

"थांब," ती म्हणाली, "एकेकाला विचारून सांगते."