गाडीतल्या संडासाची टाकी

बनू गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो. हातात पाना होता आणि टाकी रिकामी करायच्या खालच्या कॉकजवळून पाणी माझ्या बाहीवर ठिबकत होतं. फोन तिच्याच नंबरावरून आला, म्हणून मी आधी म्हणालो, "मिळालं का पडद्याचं कापड?" पलीकडून कुणी पुरुष बोलला. सांगलीच्या स्टँडवर बाई बाकावर बसल्या बसल्या कलंडल्या, दवाखान्यात आणलंय, तुम्ही त्यांचे कोण, असं त्यानं विचारलं. मी नवरा, असं सांगितलं. मग तो म्हणाला, सोबत कुणाला तरी घेऊन या. त्यावरून मला कळलं.

मी लगेच बाहेर आलो नाही. कॉक आवळायचा राहिला होता, तो पुरा आवळला. का आवळला ते मला सांगता येणार नाही.

ही गाडी बनूच्या डोक्यातून निघाली होती. मी सैन्यात ड्रायव्हर होतो. रिटायर झाल्यावर पाचगणीच्या एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि लग्नाची, देवदेव करणारी भाडी मारायचो. बनू म्हणायची, गाडीतल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, ते तुम्हाला पुढं बसून कसं दिसणार. ती स्वतःही एसटीनं कुठं जायची असली की आदल्या रात्रीपासून घसा कोरडा ठेवायची. पण गाडीत संडास बसवायचा हट्ट तिनं धरला तो दिलशादसाठी.

दिलशाद आमची शेजारीण. आमच्या दोघांच्या घरामागच्या परड्यांना एकच भिंत. गर्भाच्या पिशवीचा आजार झाला, मोठ्या दवाखान्यात मशीनचे शेक दिले, आजार गेला, पण तिला लघवी धरवेना आणि खाली बसवेना. घरात खुर्चीचा संडास आहे, म्हणून ती घरातच. तिची मुलगी सबा साताऱ्यापलीकडच्या खंडाळ्याला दिलेली. सबाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. सबाची सासू अंथरुणाला खिळलेली, जावई अमीर ट्रकवर, त्यामुळं सबाला एक रात्रही घर सोडता येत नव्हतं. आजीनं नात फोनवरच बघितली होती. बनू तिला म्हणाली होती, "तुला मी संडासासकट खंडाळ्याला नेते, बघ."

दिलशादचा नवरा बादशा. तासगाव भागातल्या द्राक्षबागांच्या फवारणीच्या टाक्या फुटल्या की तो जोडतो. गरम हवेचं मशीन, प्लास्टिकची कांडी, एवढंच त्याचं दुकान. त्यानंच एक टाकी आणली, गाडीखाली पट्ट्यांनी आवळली, वर फळ्यांची खोली केली, त्यात कमोड बसवला. कमोडापासून टाकीपर्यंत सरळ जाड पाइप. काम देखणं झालं. पण टाकी गळायला लागली. चाचणीला नुसतं पाणी भरून गाडी फिरवून आणली तरी गळायची. सगळा थेंब कॉकपाशी. म्हणून आम्ही कॉक बदलला, वायसर बदलला, पुट्टी लावली. त्या प्लास्टिकला पुट्टी धरत नाही, दुसऱ्या दिवशी खपलीसारखी हातात येते. त्यातच बनू गेली.

बनूचे दिवस झाले. पाहुणे गेले. दिलशाद रोज येऊन दाराजवळ बसायची, मधेच उठून घरी जायची, परत यायची. खंडाळ्याचं नाव तिनं काढलं नाही. ती बनूला आक्का म्हणायची, म्हणून मी तिचा दाजी. एका सकाळी मीच म्हणालो, "तुझ्या आक्कानं कबूल केलंय. मी नेतो."

"ऱ्हाऊ द्या दाजी. तुमचं दुःख ताजं हाय."

"घरात बसून ते शिळं व्हनार हाय का?"

ती पदर तोंडाला लावून हसली. बनू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

बादशानं टाकी तपासली ती त्याच्या धंद्याच्या रीतीनं. फवारणीची टाकी सपाट जागेवर ठेवायची, पाणी भरायचं, खडूनं रेघ मारायची आणि सकाळी पाणी रेघेवर आहे का बघायचं. आम्ही गाडी अंगणात उभी केली, टाकीच्या मानेच्या, म्हणजे पाइप आत शिरतो त्या तोंडाच्या, वीतभर खालपर्यंत पाणी भरलं. सकाळी पाणी रेघेवर होतं. खाली जमीन कोरडी. ते पाणी तसंच टाकीत राहू दिलं.

"पास," बादशा म्हणाला.

"फौजेत पास म्हणल्यावर सही करावी लागती."

"अंगठा चालंल का हवालदार?"

निघालो त्या दिवशी दिलशाद हिरवी साडी नेसली होती. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि नातीसाठी विणलेलं टोपडं. गाडीत चढायच्या आधी ती तांब्याभर पाणी प्याली, आमच्या दोघांच्या देखत, मुद्दाम. म्हणाली, "आक्कानं सांगितलं हुतं, पोटभर पिऊन चढायचं." बनूची जागा माझ्या शेजारची. तिथं बादशा बसला. थोड्या वेळानं तो उठून मागं गेला. त्यालाही तिथं बसवेना बहुतेक.

पेठनाक्याला आलो तोवर ती दोनदा खोलीत जाऊन आली. आतून ओरडून म्हणाली, "दाजी, राजवाडाच हाय की वो." मला बरं वाटलं. मग एका ठिकाणी रस्त्याचं काम होतं. गाडी रस्त्याखाली घातली, खड्ड्याखड्ड्यांतून वर काढली. पुढं कऱ्हाडच्या अलीकडं एका हॉटेलापुढं चहाला थांबलो.

हॉटेलवाला नुकताच अंगणात पाणी मारून झाडत होता. मी खाली उतरलो तर तो गाडीमागं बघत उभा. रस्त्यापासून त्याच्या टेबलापर्यंत काळपट ओली रेघ आली होती. वास सुटला. चहा पिणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले.

"मामा, काय गळतंय गाडीतनं?"

मी म्हणालो, पाणी आहे.

"असलं पाणी?" तो म्हणाला. टेबलावरचा एक जण म्हणाला, "हागत हागत निघाल्यात वाटतं." बाकीचे हसले.

खिडकीला बनूनं पसंत केलेलं कापड लावलं होतं. तिच्या पिशवीबरोबर ते दवाखान्यातून आलं होतं. त्या पडद्यामागं दिलशाद बसली होती आणि खिडकी उघडी होती.

हॉटेलवाल्यानं शिवी दिली नाही. त्यानं बादली आणून दिली, बस्स. बादशानं जागा धुतली. मी खराटा घेतला. चाळीस माणसांची तुकडी घेऊन बर्फातून गाड्या काढल्यात मी, पण त्या अंगणात मला मान वर करता येईना.

"दाजी, गाडी वळवा," आतून आवाज आला.

"म्होरं पंपावर टाकी रिकामी करू. मग काय न्हाई गळायचं. निम्मी वाट आलोय."

"वळवा म्हनते मी."

बादशा पायरीवर उभा राहून तिला समजावत होता. "आगं लेकरू वाट बघतंय." तिनं खिडकी ओढून घेतली. मी गाडी वळवली. परत येताना ती एकदाही खोलीत गेली नाही. घरी उतरली तेव्हा साडी मागून भिजली होती. बादशानं तिच्याभोवती चादर धरली आणि मी तोंड फिरवून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी टाकी धुतली. मग बादशा म्हणाला, "उभ्या गाडीत गळत न्हाई, पळत्या गाडीत गळतंय. मंग गाडीला उभ्यानंच पळवूया." टाकीत कपड्याची नीळ कालवून पाणी भरलं, या वेळी पार मानेपर्यंत. मग मागचं एक चाक दगडावर चढवलं. गाडी तिरकी झाली, पिळवटल्यासारखी. मी खाली शिरलो. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथं पाइप मानेत जातो तिथं, केसासारखी चीर उघडली आणि निळं पाणी टाकीच्या पाठीवरून ओघळत, बुडाला लागून, थेट कॉकपाशी येऊन ठिबकायला लागलं. चाक खाली घेतलं की चीर मिटायची.

खोली गाडीच्या बॉडीला, टाकी खालच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला. खड्ड्यात दोन्ही वेगवेगळ्या हलणार. मधला पाइप ताठ, तो टाकीची मान पिळत होता. आम्ही महिनाभर कॉक आवळत बसलो होतो.

बादशा दगडावर बसला. "फवारणीची टाकी ट्रॅक्टरवर एकटीच असती गड्या. तिला वरनं कोन धरत न्हाई. माझ्या ध्यानात कसं येनार?"

त्यानं मान जोडली. मी पाइप मधोमध कापला आणि ट्रॅक्टरच्या रबरी नळीचा तुकडा दोन पट्ट्यांनी मधे बसवला, म्हणजे दोघांना हलायला मोकळीक राहील. मग टाकी भरून मी उसाच्या वाटांवरून, ओढ्यातून गाडी हिंडवली. एक थेंब पडला नाही. आटपाडीच्या रस्त्यावर जाऊन आलो, तिथले खड्डे आपल्याकडं नाहीत. तरी नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दिलशाद तांदूळ निवडत होती.

"गळती सापडली," मी म्हणालो. "कवा निघायचं बोल."

"बरं झालं सापडली." तिनं सुपातून मान वर केली नाही. "तुमची भाडी चालू व्हतील."

"भाड्यासाठी केली न्हाई गाडी."

"ठावं हाय मला."

बादशा म्हणाला, "आगं आता काय गळत न्हाई. मी बघितलंय. आन टाकी रिकामी मी करीन, हवालदाराला हात लावू देत न्हाई. मग तर झालं?"

"तुमी करशीला वो. टाकीचं न्हाई." तिनं सूप खाली ठेवलं. "दाजी, त्या मानसानं म्हनलं ते आक्का असती तर आमी दोघी हसलो असतो. ती खाली उतरून त्याला दोन शब्द सुनावून आली असती. आन मी आत बसून हसले असते. आता मला हसायला येत न्हाई. आत एकटी बसून ऐकलं की ते अंगात ऱ्हातंय."

मी गडी माणूस, बादशासुद्धा गडी माणूस. त्या पडद्याच्या आत बसून तिच्याबरोबर हसणं आम्हा दोघांपैकी कुणालाच जमणार नव्हतं. बाहेरची चार कामं आम्हाला येतात.

त्यानंतर मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, बघू. आता सकाळी ती पाणीही कमी पिते, असं बादशा सांगतो, घरात असूनसुद्धा. सबाचा फोन मलाही येतो. "काका, अम्मीला कवा आनताय?" मी म्हणतो, गाडी तयार आहे. ती म्हणते, मग? मी फोन बादशाकडं देतो.

सबाची मुलगी आता धरून उभी राहते. दिलशादला तिच्याकडं न्यायचं अजून राहिलं आहे.