पाठीवरचं पीठ

मी एक जुनं लाटणं आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना कशा गोड गोड बोलतात! मला ते जमत नाही. मी शिसवाचा आहे आणि शिसव कडकच असतं. ऐकायचं तर ऐका, पण मध्येच कंटाळून उठू नका.

नंदुरबारकडच्या एका कातारीबाबांनी मला घडवलं. फिरत्या चाकावर धरून त्यांनी मला गोल केलं, तेल पाजलं आणि म्हणाले, "जा बाबा, दोन पिढ्यांच्या पोळ्या लाट." पोळ्या म्हणाले ते. दुसरं काही म्हणाले नव्हते, हे नीट लक्षात ठेवा. पुढे सारंगखेड्याच्या यात्रेत कोंडाबाईंनी मला विकत घेतलं आणि नव्या सुनेच्या हाती दिलं. सुनेचं नाव चंदा. लग्नानंतर चंदा नवऱ्याबरोबर, गोकुळबरोबर, सिल्वासाला आली. तो प्लास्टिकच्या कंपनीत, ती धाग्याच्या कंपनीत, आणि राहायला गलोंड्याच्या वाटेवरच्या चाळीत एक खोली. भिंतीला खिळा ठोकून तिनं मला तिथं टांगलं.

काय दिवस होते ते! पहाटे कणीक मळली जायची आणि मी पोळपाटावर नुसता नाचायचो. चंदाची पोळी अशी की गोकुळच्या डब्यावर कंपनीतली माणसं डोळा ठेवून असत. शेजारच्या बायका मला मागून न्यायच्या. "हाताला काय बसतं गं तुझं लाटणं," म्हणायच्या. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

मग गुड्डी झाली, चालायला लागली, आणि चालायच्या ऐवजी धावायलाच लागली. मित्रांनो, गुड्डी आता आठ वर्षांची आहे, तिसरीत, मराठी शाळेत. तिला एका जागी बसवत नाही. जेवताना दोन घास खाऊन खिडकीत, तिथून कॉटवर, कॉटवरून दारात. आईनं हाक मारली तर "हो" म्हणते आणि तेवढ्यात तिचं मन दुसरीकडे गेलेलं असतं. शाळेत बाटली विसरते, वही विसरते, एक चप्पल पायात आणि दुसरी कुठं ते तिलाच ठाऊक नसतं. पण मन? सोन्यासारखं! चाळीतलं लंगडं कुत्रं तिच्याच हातून भाकरी खातं.

एकदा काय झालं, चाळीच्या टाकीचा नळ तिनं सोडला, हंडा खाली लावला आणि शेजारून मुंग्यांची रांग एक मेलेला भुंगा ओढत चालली होती, ती बघत बघत मुंग्यांमागं गेली. टाकी रिकामी झाली. आमच्या चाळीत पाणी दिवसातून एकदाच येतं, म्हणजे अख्ख्या चाळीचं दिवसभराचं पाणी गटारात. बायका दारात जमल्या. "तुझी पोरगी आहे का वादळ? आईला वळण लावता येत नाही का?" चंदा कंपनीतली पाळी संपवून नुकतीच आली होती, पोळ्या लाटत होती, आणि मी तिच्या हातात होतो.

तिनं मलाच उगारलं.

पाठीत, मित्रांनो. आठ वर्षांच्या पाठीत. माझ्या अंगाला पीठ लागलेलं होतं, म्हणून गुड्डीच्या निळ्या फ्रॉकवर पांढरा पट्टा उमटला. बायका म्हणाल्या, "बरं झालं, असंच पाहिजे," आणि आपापल्या घरी गेल्या. गुड्डी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला तोंड असतं तर मी अख्खी चाळ डोक्यावर घेतली असती! अरे, पोळी लाटायला आणलंय मला! माराचं काम माझं नाही!

त्यानंतर चार वेळा असंच झालं. पाच वेळा मारून गुड्डीत पाच पैशांचा फरक पडला नाही. फरक एवढाच पडला की मी खिळ्यावरून निघालो की ती दोन्ही हात पाठीमागे न्यायची. आणि चंदा? ती मारायची आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. तिचाही मला राग यायचा, पण तिला तसं मारायला उभं करणाऱ्यांचा जास्त यायचा.

शेवटी शाळेतल्या अलकाबाईंनी चंदाला बोलावून घेतलं. त्या मूळच्या कोकणातल्या, बोलायला रोखठोक. "हे बघा, मुलगी मुद्दाम करत नाही. तिला जमतच नाहीये. दवाखान्यात दाखवा," म्हणाल्या. डॉक्टरांनी दोन-तीन वेळा बोलावून तपासलं आणि नाव सांगितलं, एडीएचडी. चंदा ते तळहातावर लिहून घरी आली. गोकुळला समजावत होती ते मी खिळ्यावरून ऐकलं. काही मुलांचा मेंदूच असा असतो, लक्ष टिकत नाही, ब्रेक उशिरा लागतो. लाडानं होत नाही, आईच्या चुकीनं होत नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलंय की अशा मुलांच्या आयांसाठी दर रविवारी अंगणवाडीच्या हॉलमध्ये वर्ग असतो, आठ रविवारांचा.

कोंडाबाई तेव्हा गावाहून आलेल्या होत्या. गणपती अजून बसायचे होते. त्यांनी कपाळावर हातच मारला. "माय वं! पाच पोरं वाढवली मी, कोन्या वर्गात गेली होती? पोर काय पुस्तकात बघून वाढवतात? ते काही नाही, दिवाळी झाली का पोरीले मी गावाले घेऊन जाते. शाळा पुरे झाली. बकऱ्या राखीन पोरगी, दोन फटके खाईन, सुधरीन आपोआप."

गोकुळ म्हणाला, "आई बराबर बोलते. तुझं लक्ष नाही म्हणून पोरगी अशी. कंपनीत सुपरवायझर डोकं खातो, घरी आलं की हे टेन्शन."

म्हणजे बघा! मूल दोघांचं, चूक एकटीची! पण चंदा मागे हटली नाही. "मला दिवाळीपर्यंत द्या. आठ रविवार. तेवढ्यात काही झालं नाही तर न्या तिला. मी अडवणार नाही."

ठरलं. गुड्डी आईजवळ राहणार की गावाला बकऱ्यांमागे जाणार, ते आठ रविवारांवर आलं.

दुसऱ्या रविवारी वर्ग घेणाऱ्या प्राजक्ताताईंनी आयांना सांगितलं, "घरी मुलांना ज्या वस्तूनं मारता, ती पुढच्या वेळी घेऊन या." आणि तिसऱ्या रविवारी चंदानं मला पिशवीत घातलं. त्या हॉलमध्ये काय जमलं होतं म्हणून सांगू! विकीच्या आईनं चार्जरची वायर आणली होती. एका गुजराती बाईनं "आ लो बेन" म्हणत रबरी चप्पल काढून ठेवली. लाकडी पट्टी होती, पाण्याच्या पाइपचा तुकडा होता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि आमच्यापैकी एकही मारण्यासाठी जन्मलेला नव्हता. ताईंनी आम्हाला पत्र्याच्या पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "शेवटच्या रविवारी पेटी उघडू. ज्यांना परत हवं त्यांनी न्या."

आता गंमत ऐका. घरात लाटणं एकच, हे चंदा बोललीच नाही आणि ताईंच्याही ध्यानात आलं नाही. घरी जाऊन कणीक मळली आणि मग बाईसाहेबांना आठवण झाली! दुसरं आणता आलं असतं. पण पुढच्या रविवारी ती वर्गात म्हणाली, "दुसरं आणलं तर तेही हातात येणारच की, ताई. नकोच. भाकरी थापते." घरात त्यावरून रामायण झालं होतं. "पोरीले मारायचं नाही म्हणून घरानं पोळी खायची नाही का?" असं सासूबाई विचारत होत्या. मी पेटीत ऐकत होतो. चंदावर तेव्हा माझा जीव जडला, खरं सांगतो.

पेटीतून मी सहा रविवार ऐकले. पाच कामं एकदम सांगू नका, एकच सांगा. लांबून ओरडू नका, जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, मग सांगा. रोज दहा मिनिटं मुलाशी त्याच्या मनासारखं खेळा आणि त्या दहा मिनिटांत एकही हुकूम सोडू नका. आणि चांगलं काही केलं की लगेच, तिथल्या तिथं, तोंडावर कौतुक करा.

चंदाची गाडी तिथंच अडली. "ताई, आमच्यात पोराला तोंडावर वानत नाहीत. मायची नजर सगळ्यात आधी लागते म्हणतात. सासूबाई ऐकायच्या नाहीत."

प्राजक्ताताई म्हणाल्या, "नजर लागू नये म्हणून तुमच्यात काय करतात?"

"तीट लावतात."

"मग लावा की! कौतुक करा आणि तीट लावा."

सगळ्या आया हसल्या, पण चंदानं ते मनावर घेतलं. गुड्डीनं चप्पल जागेवर ठेवली, शाब्बास, आणि कानामागं काजळाचा ठिपका. अर्धं ताट बसून संपवलं, शाब्बास, ठिपका. सासूबाईंना बोलायला जागाच उरली नाही. पहिल्या आठवड्यात तीन ठिपके. दोन आठवड्यांनी चंदा सांगत होती की अंघोळीच्या वेळी पोरीचा कान काळाकुट्ट निघतो, आणि आता गुड्डी स्वतःच कान पुढे करते, "मम्मी, मी दप्तर भरलं, तीट लाव."

सगळं सरळ झालं असं समजू नका. एका रविवारी चंदा आली ती रडतच. गुड्डीनं शाळेतल्या एका मुलीची पेन्सिल खिडकीतून फेकली होती आणि गोकुळ म्हणाला होता, "झाला का तुझा वर्ग? भर आता तिची पिशवी." चंदा म्हणाली, "मी थकले, ताई. कामावरून येते तेव्हा अंगात जीव नसतो. सगळ्यांनी मलाच शिकवायचं. त्यांना कोणी बोलवत नाही का?" ताई म्हणाल्या, "बोलावलं होतं. सगळ्यांच्या वडिलांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. एकही आला नाही." ऐकलंत? एकही नाही! पेटीत ती वायरसुद्धा संतापली होती.

शेवटचा रविवार दिवाळीच्या आधीचा. त्या दिवशी चंदाबरोबर गुड्डी होती आणि चक्क कोंडाबाई! त्या वर्गाला आल्या नव्हत्या, त्या मला न्यायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "लाटणं द्या आमचं. दिवाळीच्या करंज्या काय भाकरीसारख्या थापू?"

ताईंनी त्यांना बसवलं आणि चंदाला विचारलं, आठवडा कसा गेला. चंदा म्हणाली, "परवा पुन्हा टाकी रिकामी झाली. नळ पुन्हा उघडा राहिला. बायका पुन्हा दारात. मार तिला, मार तिला, म्हणत होत्या. माझा हात गेला, ताई. खिळ्यावर गेला. तिथं काही नव्हतं. मग तोच हात मी तिच्या खांद्यावर ठेवला. म्हटलं, गुड्डी, नळ बंद कर. तिनं केला. म्हटलं, आपला हंडा उचल. तिनं उचलला. मग आमच्या घरातलं भरलेलं पाणी तिनं तांब्या-तांब्यानं दारोदारी वाटलं. सहा घरं. मध्ये कुठं पळाली नाही."

"कान काळा केला का?" विकीच्या आईनं विचारलं.

"मी नाही केला," चंदा म्हणाली आणि सासूकडे बघायला लागली.

कोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच लावली तीट," त्या म्हणाल्या. "माझा गोकुळ असाच होता. अस्साच. ढोरं हाकायच्या काठीनं मारलं मी त्याले. सगळे म्हणत, माय नरम आहे म्हणून पोर असं. मले कोनी सांगितलं नाही का पोराले जमत नाही म्हणून. शांत झाला, पण मह्याजवळ बसून दोन शब्द बोलत नाही आजपर्यंत."

तेवढ्यात ताईंनी पेटी उघडली. वायर कोणी घेतली नाही, पाइपही नाही. कोंडाबाईंनी मला उचलून बाहेर काढलं, आणि मित्रांनो, गुड्डीचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

पाच आठवडे मी तिच्या नजरेसमोर नव्हतो, तरी! मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. कोंडाबाईंनी ते पाहिलं. मला धरलेला त्यांचा हात खाली आला. त्या गुडघ्यावर टेकल्या आणि मला नातीपुढे धरलं. "घे वं माय. तूच ठेव. करंज्या तूच लाट. मले एकटीलेच जायाचं आहे गावाले."

घरी गोकुळ म्हणाला, "आई म्हणते तर राहू दे पोरीला इथं." वा रे वा! आई म्हणते म्हणून! बायको आठ रविवार सांगत होती तेव्हा कान कुठं गहाण टाकले होते? असो. राहिली गुड्डी, तेवढं खरं. तिच्या करंज्या वाकड्यातिकड्या झाल्या आणि दोन कढईत फुटल्या.

मित्रांनो, तुमच्या वर्गात अशी गुड्डी किंवा असा गोकुळ असेल, तर त्याला वात्रट म्हणू नका. त्याच्या आईला तर मुळीच काही म्हणू नका, तिला बोलणारे आधीच पुष्कळ आहेत. घरात मोठी माणसं आमच्यासारख्यांना भलत्या कामाला उचलतील, तेव्हा सांगा त्यांना की लाटणं पोळपाटावर शोभतं.

भिंतीवरचा खिळा आता रिकामा आहे. चंदाला पोळ्या करायच्या असल्या की ती गुड्डीजवळ जाते, खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "गुड्डी, लाटणं दे." गुड्डी मला कधी गादीखाली ठेवते, कधी दप्तरात, कधी आजीच्या जुन्या पेटीत. ती अजून बाटली विसरते, वही विसरते, एक चप्पल दाराबाहेर विसरते. मला कुठं लपवलंय, ते मात्र ती आजपर्यंत एकदाही विसरलेली नाही.