राहिलेला वाचक

दातांच्या डॉक्टरकीत एक मोठी सोय असते. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी या सोयीचा उभ्या हयातीत मनसोक्त फायदा घेतला होता. पेशंटच्या गालात कापसाचा बोळा बसला आणि लाळ ओढणारी नळी गुरगुरू लागली, की त्यांची गाडी सुटायची. अक्कलदाढेवरून निघून हत्तीचे सुळे, शेजाऱ्यांचं कुत्रं आणि मेलेल्या ताऱ्यांचा उजेड अशी मजल दरमजल करत ती थेट ‘चूळ भरा’ या मुक्कामाला येऊन थांबायची. पण बरा झालेला पेशंट पुन्हा फिरकत नाही, आणि हत्तीच्या सुळ्यांचं उरलेलं तसंच पोटात राहतं. म्हणून डॉक्टरांनी ब्लॉग काढला.

ब्लॉगवर रोज तीस-चाळीस माणसं येत. हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असे, कारण दोन पेशंटांच्या मधे हात धुतला न धुतला तोच ते वाचकांचा आकडा बघत. कोण कुठून आलं, कुठल्या लेखावर किती रेंगाळलं, पहिल्यांदाच आलं की परत आलं, हे सगळं त्या पानावर दिसे. बायको चहाचा कप ठेवताना एकदा म्हणाली होती, की नाडी मोजायला वाचकाची परवानगी घेता का? डॉक्टरांनी तो विनोद समजून ब्लॉगवर टाकला.

मग त्यांना ब्लॉगचं रूप बदलायची हौस आली. जुना तपकिरी रंग त्यांना किडक्या दाढेसारखा दिसू लागला होता. हे काम मेहुणीचं. बायकोच्या या बहिणीला घरात सगळे धाकटी म्हणत, आणि लोकांच्या वेबसाइट बांधून देणं हाच तिचा व्यवसाय होता. तिने फोनवर एकच गोष्ट बजावली. वाचक मोजणारा कोडचा तुकडा जुन्या थीमच्या, म्हणजे जुन्या रूपाच्या पोटात आहे. थीम काढली की तोही जाईल. माणसं येतील, पण दिसणार नाहीत. तेव्हा आधी तो तुकडा कॉपी करून कुठेतरी चिकटवून ठेवायचा, आणि मगच नव्या थीमला हात लावायचा.

डॉक्टर हो हो म्हणाले. त्यांनी तुकडा कॉपी केला. तो चिकटवायच्या आधी त्यांना स्वतःचंच हिरड्यांविषयीचं एक वाक्य इतकं आवडलं, की तेही त्यांनी कॉपी केलं. मग बटण दाबलं. नवी थीम आली, शुभ्र, नुकत्याच साफ केलेल्या दातांसारखी. आणि कोडच्या जागी डॉक्टरांनी मोठ्या विश्वासाने हिरड्यांविषयीचं वाक्य चिकटवलं.

आकडा शून्यावर आला. डॉक्टरांच्या तोंडावर सुतकी कळा पसरली. धाकटीने समजूत घातली, की वाचक कुठे पळाले नाहीत, रविवारी येऊन ती कोड नव्याने घालून देईल, तोवर जरा दम धरावा. डॉक्टरांनी दम धरला, पण आकड्यांचं पान उघडायचं काही सोडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, एका कवळीच्या मापाचं मिश्रण वाळत असताना, त्यांना दिसलं, की शून्याच्या जागी एक आलाय.

त्यांनी आनंदाने धाकटीला फोन लावला.

“भावजी, ते तुम्हीच असाल,” ती म्हणाली.

आपण ब्लॉग उघडलेलाच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“मग दुसरं कुणीही नसणार. दाराला बेलच नाही, तर वाजेल कशी?”

“वाजतेय पण,” डॉक्टर म्हणाले.

तो वाचक एका लेखावरून दुसऱ्यावर जात होता आणि प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचत होता, अगदी हत्तीच्या सुळ्यांचा तिसरा भागसुद्धा, जो खुद्द डॉक्टरांनी लिहिल्यावर पुन्हा वाचला नव्हता. डॉक्टरांना मूठभर मांस चढलं. त्या पानावर ‘नवे’ आणि ‘परतलेले’ असे वाचकांचे दोन रकाने असत. आता शेजारी ‘राहिलेले’ असा तिसरा होता, आणि त्यात हा एकटा. नव्या थीमबरोबर ही सोय फुकट आली असावी, अशी डॉक्टरांची समजूत झाली.

रविवारी धाकटी आली. येताना तिची बडबड चालू होती, तो रकाना पाहिल्यावर ती थांबली. इतक्या लोकांची कामं केली, पण असा रकाना कुठेच बघितला नाही, एवढंच म्हणून तिने हिरड्यांचं वाक्य काढलं, कोड जागच्या जागी बसवला, आणि पाहता पाहता तीस-चाळीस माणसं पूर्ववत ये-जा करू लागली. तिसऱ्या रकान्यातला मात्र हलला नाही. धाकटीने वाचक मोजणाऱ्या कंपनीला लिहिलं. कंपनीने त्यांची सेवा वापरल्याबद्दल आभार मानले.

धाकटी गेल्यावर डॉक्टरांनी एक परीक्षा घ्यायची ठरवली. त्यांनी नवा लेख उघडला आणि तो प्रसिद्ध न करता त्यात एकच ओळ लिहिली. ‘मला स्वतःला दातांच्या डॉक्टरची फार भीती वाटते.’ ही गोष्ट खरी होती, आणि त्यांनी ती बायकोलाही सांगितली नव्हती. स्वतःची एक दाढ ते वर्षानुवर्षं लवंगेवर भागवत होते. मग त्यांनी आकड्यांचं पान पाहिलं. राहिलेला वाचक त्याच ओळीवर होता. डॉक्टरांनी घाईघाईने ओळ खोडली, लेखच काढून टाकला. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा पाहिलं. जो लेख आता कुठेच नव्हता, त्याच्यावर तो अजून थांबलेला होता, आणि सावकाश वाचत होता.

त्यानंतर डॉक्टरांची वाचा बसली. तोंडात शब्द आला, की तो कुणीतरी आधीच वाचून ठेवलाय असं त्यांना वाटे, आणि वाचलेलं पुन्हा काय सांगायचं म्हणून ते गप्प राहत. दवाखान्यात नुसती नळी गुरगुरू लागली. पेशंट अस्वस्थ झाले. एक जुन्या आजी चूळ भरून उठल्या आणि म्हणाल्या, की डॉक्टर, आज पहिल्यांदाच दुखलं. तेव्हा डॉक्टरांना कळलं, की इतकी वर्षं आपण अर्धं काम इंजेक्शनने आणि अर्धं हत्तीच्या सुळ्यांनी करत होतो. प्रश्न पोटाचा होता. त्यांनी धाकटीला बोलावून घेतलं.

“जुनं रूप परत लाव. तपकिरी तर तपकिरी.”

तिने जुनी थीम लावली. तिच्या पोटात जुना कोड होता तसाच होता. पान नव्याने उघडलं, तर रकाने दोनच. धाकटीने खालपर्यंत जाऊन पाहिलं. वाचक ब्लॉगवरून उठून कुठे गेला, हे दाखवणारी एक जागा असते; बहुतेकांपुढे तिथे दुसऱ्या कुठल्यातरी वेबसाइटचा पत्ता असतो. एका ठिकाणी काहीच नव्हतं.

“गेला म्हणायचं,” धाकटी म्हणाली.

“कुठे?”

“ते नाही दाखवलेलं.” आणि बहिणीशी दोन शब्दही न बोलता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची गाडी पुन्हा रुळावर आली. सकाळपासून जबड्यामागून जबडे उघडले आणि प्रत्येकाला त्यांनी साठलेलं सगळं ऐकवलं. एकाची तर दाढ काढून झाल्यावरही गोष्ट संपेपर्यंत बोळा काढला नाही. शेवटचा पेशंट गेला तेव्हा उन्हं कलली होती. घसा बसला होता आणि मन पिसासारखं हलकं झालं होतं. दिवसभरात त्यांनी आकडा पाहिला नव्हता, हे घराचं दार उघडताना त्यांच्या लक्षात आलं.

आतून बायकोचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, की लग्नाआधी ती एकदा कुणालाही न कळवता गाडीत बसली होती, शेवटच्या स्टेशनपर्यंत गेली होती, आणि तिथल्या बाकावर बसून ठरवत होती, की परत जायचं की नाही. डॉक्टर जोडे न काढता उभे राहिले. ही हकिकत त्यांनी कधी ऐकली नव्हती. एवढं सलग बोलताना तिला ऐकल्याचंही त्यांना आठवेना. आवाजात घाई नव्हती. मधेच ती थांबत होती, हसत होती, आणि पुढे सांगत होती.

धाकटी आली असेल, असं म्हणून त्यांनी खोलीचं दार ढकललं. बायको खिडकीपाशी पाय वर घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर एक खुर्ची होती, रिकामी.

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. दचकली वगैरे नाही.

“जरा बाहेर थांबता का?” ती हळू आवाजात म्हणाली. “माझं संपत आलंय.”

आणि ती पुन्हा खुर्चीकडे वळली.