पारड्याखालचे शिसे

"अजून एक तुकडा. पुढच्या वर्षी चर्चच्या छपराचंच शिसं उचकटावं लागणार," माझ्या पारड्याखाली गुडघे टेकून हॅमंड पुटपुटला. हॅमंड म्हणजे थर्लबी हॉलचा म्हातारा बटलर. त्याची पाठ दुखत होती. माझे काय दुखत होते, ते कोणी विचारले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी तोलायची खुर्ची आहे. एका बाजूला ओकचे आसन, दुसऱ्या बाजूला पितळी पारडे, मध्ये लोखंडी दांडी. लंडनच्या एका कारागिराने मला घोडेस्वार तोलण्यासाठी घडवले. दांडी सरळ झाली तेव्हा तो म्हणाला होता, ही कोणाची भीड धरायची नाही. तेच माझे बारसे.

कर्नल ॲम्ब्रोज थर्लबी प्रथम माझ्यावर बसले, तेव्हा त्यांचे पाय लोंबकळत होते. पुढे ते शर्यती जिंकू लागले. शर्यतीआधी खोगीर मांडीवर घेऊन बसत आणि मी सांगेन ते मुकाट ऐकत. क्रिमियाच्या लढाईतून परतले, तेव्हा पारड्यात इतकी थोडी वजने पुरली की त्यांची आई तोंड फिरवून आत निघून गेली. पण मी खरे सांगितले म्हणूनच घरात रोज मटणाचे सूप शिजू लागले ना?

मग ते संसदेत गेले. भाषणे, मेजवान्या, पुडिंगे. माझा आकडा ऐकला की कर्नलसाहेबांचा दिवस बिघडे, आणि त्यांचा बिघडला की साऱ्या घराचा. म्हणून हॅमंडने पारड्याखाली शिसे चिकटवले. वजने कमी लागली, साहेब खूश झाले. दर वर्षी साहेब वाढले, शिसे वाढले. रिकामी असताना पारडे खाली बसते आणि मी हवेत लटकते. ते दिसू नये म्हणून माझ्यावर मखमली कापड टाकून ठेवतात. कौतुकाने नव्हे, लाजेने.

त्यातच साहेबांनी संसदेत खोटे तराजू वापरणाऱ्या दुकानदारांवर दणदणीत भाषण केले. ते छापून आलेले वर्तमानपत्र माझ्याच आसनावर ठेवले होते. लाकूड तडकणार नाही तर काय होणार? त्यांच्या पत्नी, लेडी लेटिशिया, एकदा एवढेच म्हणाल्या की बोलून बोलून माणूस हलका होत असावा. पाहुणे हसले. पारड्याखाली कोणी वाकून पाहिले नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या शर्यतीत ओढ्यावरून उडी घेताना साहेबांचा घोडा बॅरन कोसळला. पाय मोडला, त्याला गोळी घालावी लागली. सगळ्यांनी चिखलाला दोष दिला. चिखल बिचारा काय बोलणार?

आता तोच ओढा, तीच शर्यत, आणि घोडी ब्रॅम्बल. तिची आई मेल्यावर मोतद्दार जेथ्रोने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. निवडणूक तोंडावर आलेली. मतदारांना कर्नल खोगिरावर दिसायला हवे होते. साहेबांना थांबवा म्हणून जेथ्रोने लेडींना विनवले, लेडींनी हॅमंडकडे पाहिले, आणि हॅमंड शिशाचा तुकडा घेऊन आला.

मित्रांनो, तुमच्या घरी काटा असेल, आरसा असेल. रोज पुसला नाहीत तरी चालेल. पण त्याच्या तोंडात आपल्या सोयीचे उत्तर कोंबू नका. जो खरे बोलतो त्याला जपा, त्याच्यावर मखमल टाकू नका.

शर्यतीच्या सकाळी साहेब खोगीर मांडीवर घेऊन माझ्यावर बसले. दांडी सरळ झाली.

"क्रिमियाहून आलो त्यापेक्षा जरासाच जास्त," ते म्हणाले.

"जरासाच, साहेब," हॅमंड म्हणाला. लेडी खिडकीबाहेर पाहत होत्या.

उघड्या दारात जेथ्रो ब्रॅम्बलचा लगाम धरून उभा होता. साहेबांच्या मांडीवरचे खोगीर दिसताच घोडी मागे सरली. तिच्या दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या होत्या.

"काल सरावाला ओढ्यापाशी चिखल नव्हता, साहेब," जेथ्रो खाली बघत म्हणाला. "तरी ती गुडघ्यांवर आली."

माझ्या दांडीला बारीकसा कंप सुटला होता. तो माझा नव्हता, माझ्यावर बसलेल्याचा होता. साहेब त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खोगीर उचलून जेथ्रोच्या हाती दिले.

"पारड्याखालचं शिसं काढ, हॅमंड. कधीपासून ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "बॅरनला चिखलानं नाही मारलं. मी मारलं."