शेवाळी बाही

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून भाऊंनी दुसऱ्यांच्या इतक्या चुका पकडल्या होत्या, की आपल्याही हातून एखादी होऊ शकते हे ते विसरूनच गेले होते. चूक झाली तीही पातेल्यात, आणि तीही आक्काच्या.

आक्का त्यांची थोरली बहीण. दोघंही आता एकटी, म्हणून एका घरात. तिला लोकरीचं वेड. स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं तिने रंगासाठी कायमचं बळकावलं होतं आणि चहा-साखरेच्या डब्यांशेजारी रंग देणाऱ्या कांद्याच्या सालांची न् तो गडद करणाऱ्या गंजक्या खिळ्यांची बरणी मांडली होती. दर शनिवारी चार बायका तिच्याकडे शिकायला येत. लोकर रंगवायची, विणायची, नाहीतर गरम पाण्यात साबण लावून चोळचोळ चोळायची, म्हणजे तंतूत तंतू अडकून तिचा जाड नमदा होतो. नमदा झाला की मग ब्रह्मदेव आला तरी त्यातून धागा सुटत नाही.

हल्ली आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तरी बोटांनी टाके मोजत ती लेकीसाठी स्वेटर विणत होती. रंग शेवाळी. डोळे बरे होते तेव्हा तिने स्वतः एकाच पातेल्यात सगळ्या लड्या रंगवून काढल्या होत्या. एक बाही तेवढी राहिली होती, आणि तिच्यापुरती एक लडी.

"भाऊ, हिला रंगातल्या व्हिनेगरचा वास मारतोय," ती म्हणाली. "कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाक, बुडव, काढ. उकळू द्यायची नाही, चोळायची नाही, आणि गरमातून एकदम गारात तर मुळीच नाही. लोकर तुझ्यासारखीच असते रे, घाबरली की आखडते."

"इतकं कळतं मला."

"कळतं रे. पण हातात पुस्तक असलं की तुला घर पेटलेलंही कळत नाही."

पाणी कोमट करायला भाऊंनी पातेलं गॅसवर ठेवलं, त्यात लडी सोडली आणि उभ्या उभ्या पुस्तक उघडलं. एकच पान वाचायचं होतं. प्रकरण संपलं तेव्हा पातेलं खदखदत होतं. त्यांनी चिमट्याने लडी उचलली, थेट गार नळाखाली धरली आणि साबणाचा फेस जाईना म्हणून दोन्ही हातांनी चोळली. तीन गोष्टी करायच्या नव्हत्या, त्या तिन्ही त्यांनी ओळीने उरकल्या. हातात राहिला तो मेलेल्या उंदरासारखा एक घट्ट, ओला गोळा.

आक्का पलीकडच्याच खोलीत होती. एक हाक पुरली असती. भाऊंनी तोंड उघडलंही, पण "पोथीराम, केलास ना शेवटी घोळ!" हे शब्द ती बोलण्याआधीच त्यांना ऐकू आले. त्यांनी गोळा वाळवला, बिस्किटांच्या डब्यात घातला आणि डबा शब्दकोशांच्या मागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी आक्का शेजारणीबरोबर डोळे तपासायला गेली. भाऊंनी कपाटातली एक पांढरी लडी काढली, कांद्याची सालं उकळली, अंदाजाने खिळे टाकले. दिव्याखाली रंग जुळला. खिडकीत मात्र स्वेटर शेवाळी आणि लडी चिखली. भाऊ बराच वेळ खिडकीशी उभे राहिले, आणि मग त्यांच्या मनात ते वाक्य आलं, जे पुढे त्यांना जेवताना घासागणिक आठवत राहिलं: आक्काला कुठे दिसतंय?

तिला दिसलं नाही. चार दिवसांत तिने बाही विणून जोडली.

"छान धुतलीस हो लोकर," ती म्हणाली. "मी उगाच टोचून बोलले तुला."

भाऊंना वाटलं, त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं.

शनिवारी बायकांनी स्वेटर हातात घेतला. त्यातली एक शिवणकामाची शिक्षिका, कापडातला धागान् धागा ओळखणारी. "आक्का, ही बाही जराशी..."

"उजेड तिरका आहे," दारातून भाऊ म्हणाले.

शनिवारच्या मंडळात आजवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. बायका वळून बघतच राहिल्या. शिक्षिकेने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा भाऊंकडे, आणि स्वेटरची घडी घातली.

त्या संध्याकाळी भाऊंनी चिठ्ठी लिहिली. पुस्तकात चुका राहिल्या की शेवटी शुद्धिपत्र जोडतात, तशी. काय केलं, कसं केलं, खाली तारीख. ती त्यांनी आक्काच्या विणकामाच्या टोपलीत, सुयांखाली ठेवली आणि त्यांना जरा हलकं वाटलं. आपण कबूल तर केलं! कबुली जिला द्यायची तिला अक्षर दिसत नाही, या गोष्टीकडे त्यांनी बघितलं नाही. आक्काच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या सकाळी, ती घरी यायच्या आत, ती चिठ्ठी त्यांनी गुपचूप काढून पुस्तकात घातली.

आठवड्याने काळा चष्मा उतरला. आक्का घरभर लहान पोरीसारखी हिंडली. "अगंबाई, भिंत पांढरी आहे! मला वाटत होतं पिवळी. आणि भाऊ, तू केवढा म्हातारा झालास रे!" मग हौसेने स्वेटर घेऊन खिडकीशी गेली.

तिने एक बाही दुसरीवर ठेवून बघितली.

"ही बाही मीच विणली ना?"

"हो."

"लडी माझीच." तिने बाही उलटसुलट केली. "म्हणजे रंगवतानाच घोळ झालेला. डोळे चांगले होते म्हणता म्हणता तेव्हाच गेले असणार. आणि मी बायकांना शिकवतेय." ती खुर्चीत बसली. "शनिवारी ते पातेलं शिक्षिकाबाईंना देऊन टाक. म्हणावं, आता तुम्हीच सांभाळा."

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. आता गप्प राहिलं तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. पातेलं जाईल, शनिवार जाईल, आणि आक्का उरलेला जन्म आपल्या हातांना दोष देत बसेल. ते उठले. शब्दकोशांमागचा डबा आणला, पुस्तकातली चिठ्ठी काढली आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवलं.

आक्काने आधी गोळा दाबून बघितला. "हा तर नमदा." मग चिठ्ठी नव्या डोळ्याजवळ धरून सावकाश वाचली. भाऊंना वाटलं, ती ओरडेल. तिने ओरडावं असंही वाटलं.

"ही तारीख ऑपरेशनच्या आधीची आहे."

"हो. टोपलीत ठेवली होती."

"तेव्हा मला वाचता येत होतं?"

"नाही."

"तुला माहीत होतं?"

भाऊंची नजर फरशीवर होती. "म्हणूनच ठेवली."

"लडी गेली त्याचं काही नाही रे," आक्का खूप हळू म्हणाली. "असल्या दहा नासवल्या असत्यास तरी शिव्या घालून मोकळी झाले असते. पण मला दिसत नाही, हे तू सोयीचं करून घेतलंस."



शनिवारी बायकांच्या समोर, खिडकीतल्या स्टुलावर बसून, भाऊंनी ती बाही उसवली. आक्काने तसंच सांगितलं होतं. त्यांनीच सगळं सांगितलं, मान खाली घालून, एकही गोष्ट न गाळता. खिळे अंदाजाने टाकल्याचं ऐकून एक जण फिस्सकन हसली. शिक्षिका मात्र एवढंच म्हणाली, "उजेड आज सरळ आहे हो, भाऊ." कानाच्या पाळ्या तापल्या तरी भाऊ उसवत राहिले. धागा कुरळा होऊन पायाशी साचत गेला.

बायका गेल्यावर आक्काने पातेलं गॅसवर चढवलं, त्यात सालं आणि मोजून सहा खिळे टाकले आणि पांढरी लडी भाऊंच्या हातात दिली.

"पुस्तक बाहेर ठेव."

"ठेवलंय."

"पाऊण तास. वाफ दिसली पाहिजे, बुडबुडा नाही."

भाऊ पातेल्यापुढे उभे राहिले. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आक्का नेहमी या वेळी आडवी होत असे.

"तू पड ना जरा. मी बघतो."

"नको," आक्का म्हणाली. "आता दिसतंय मला."

भाऊंनी वळून बघितलं. ती पातेल्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.