आधीच वाजलेला ढोल

मित्रांनो, गंगाखेडच्या एका घरात, माळ्यावर, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांना टेकून मी बसलेला असतो. मी एक जुना संगणक आहे. तुमच्या ओळखीचे संगणक पातळ आणि चपळ असतात. माझा पडदा पोटासारखा फुगीर आहे, आणि त्यावर काळा आणि पांढरा सोडून तिसरा रंग कधी उमटला नाही. माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तिच्यात पराक्रम नाही. लाज मात्र आहे, आणि ती सांगताना आजही मला चोरट्यासारखे होते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पुढे पुण्यातल्या एका ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांकडे मी चार वर्षे राहिलो. त्यांनी नवा संगणक घेतला तेव्हा मला कोपऱ्यात ठेवले. तिथून रंगनाथमास्तरांनी मला उचलले. घोंगडीत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन त्यांनी मला गंगाखेडला आणले. सारा प्रवास त्यांनी पाय हलवला नाही, झोपले तेही माझ्यावर हात ठेवून.

मास्तर शाळेत संगीत शिकवत, आणि हौसेने छोट्या चित्रपटांना संगीतही देत. अतिशय भिडस्त माणूस. वर्गात पोरे गोंधळ करू लागली तर ओरडण्याऐवजी पेटीवर जरा मोठ्याने सूर धरत. त्यांच्या पत्नी सगुणाबाई मात्र मोकळ्या तोंडाच्या. मला टेबलावर पाहून त्या म्हणाल्या, "हा कसला टीव्ही आणलाव? ह्याच्यात तर मानसंच न्हाईत."

"टीव्ही नाही हा. हा लय सांभाळतो. कुठली गोष्ट नेमकी केव्हा वाजवायची, ते याला बरोबर कळतं."

"आसं? मग दूध उतू जायच्या आधी सांगंल का?"

मास्तर खुदकन हसले. पण सगुणाबाईंनीच दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याचे आवरण शिवून माझ्यावर घातले. वीज सारखी जाई, धूळ येई, पण त्या घरात माझे लाड झाले, हे मी नाकारत नाही.

मित्रांनो, माझे काम काय होते ते थोडक्यात सांगतो. चित्रपटाला संगीत देणे म्हणजे नुसते गाणे रचणे नव्हे. पडद्यावर काठी उचलली गेली की त्याच क्षणी सम पडली पाहिजे. मेंढ्या धावल्या की लय चढली पाहिजे, थकल्या की उतरली पाहिजे. मास्तर टीव्हीवर कॅसेट लावून चित्र बघत आणि कोणती घटना कितव्या सेकंदाला घडते, ते मला सांगत. मग दोन घटनांच्या मधल्या जागेत किती ठोके बसवायचे, लय कुठून किती वाढवायची आणि कुठे सोडायची, हे मी आखून देई. मास्तर त्याला लयीचा नकाशा म्हणत. मला तारेने जोडलेली विजेवरची पेटी होती. नकाशाप्रमाणे मी तिला हुकूम सोडी आणि ती सनई, बासरी, ढोल, सगळे वाजवी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चित्र मला कधीच दिसत नसे. मला फक्त आकडे दिसत.

दत्तराव हा राणीसावरगावचा तरुण. मेंढपाळाच्या घरातला. पुण्यात राहून तो कॅमेरा शिकला होता, आणि त्याने आपल्याच आत्यावर, म्हाळसाबाईवर, वीस मिनिटांचा चित्रपट केला होता. म्हाळसाबाई मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणारी बाई. नवरा येडबा असाच एका उन्हाळ्यात वाटेवर गेला. जिथे गेला तिथे लिंबाखाली एक दगड मांडलेला आहे. दर वर्षी कळप त्या बाजूने निघाला की ती तिथे थांबते. चित्रपटात ती त्या दगडापाशी बसते, तोंडावर पदर घेते, आणि तिचे खांदे हलत राहतात. त्यानंतर तिच्या माणसांचा गजीनाच येतो, रुमाल उडवत, ढोलाच्या तालावर.

"मास्तर, आत्याच्या जागेला तुमचीच सनई पायजे," दत्तराव म्हणाला होता. "आन् ढोल पडला की आंगावर काटा आला पायजे. आत्या लय दिवसांत कुनाम्होरं रडली न्हाई. मला बघून रडली. ते वाया जाऊ द्यू नका."

मास्तरांनी ते फार मनावर घेतले. दत्तरावाने दिलेली चित्रपटाची कॅसेट लावून महिनाभर आम्ही दोघे बसलो. सनई इतकी सावकाश ठेवली की एकेका ठोक्याला श्वास घेता यावा. मग ती थांबायची, आणि ढोल. कॅसेटवर सगळे तंतोतंत जुळले. मास्तर टीव्हीपुढे बसून मान हलवत, आणि माझ्या पाठीवर थाप मारत. मला वाटले, माझ्या जन्माचे सार्थक झाले.

खरा चित्रपट, म्हणजे रीळ, मुंबईहून यायचे होते. ते जानेवारीचे, विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. जागोजाग बंदोबस्त, एसट्या कधी सुटत, कधी अडकत. रीळ हातात पडले ते गावातल्या पहिल्या खेळाच्या दिवशीच, दुपार कलताना. एकदा चालवून बघायला वेळ उरला नाही. "कॅसेट ह्याच्यावरूनच केलेली हाय, मास्तर. तेच चित्र," दत्तराव म्हणाला, आणि ते खरेही होते.

राणीसावरगावात शाळेच्या मैदानावर पांढरा कपडा ताणला. रिळाला आवाज नव्हता, संगीत मी तिथेच चित्राबरोबर वाजवायचे होते, म्हणून पेटीसकट मला बाजूच्या टेबलावर मांडले. अंधार पडायच्या आधीपासून माणसे मला बघायला गोळा झाली. "ह्योच बाजा वाजवनार म्हनं, मानूस न्हाई!" कुणीतरी म्हणाले. सर्वांत पुढे, नवे लुगडे नेसून म्हाळसाबाई बसली होती. तिच्यामागे तिची सगळी माणसे.

पहिले चित्र पडले आणि मास्तरांनी माझी कळ दाबली. सुरुवात सुरेख झाली. पडद्यावर म्हाळसाबाईने काठी उचलली, सम पडली, लोक "वा" म्हणाले. मास्तरांचा चेहरा उजळला. मग ते माझ्याकडे वळले आणि माझ्या पडद्यावर पुढे पुढे सरकणारे आकडे बघत बसले. आकडे अचूक होते. मित्रांनो, त्या संध्याकाळी माझा एकही ठोका चुकला नाही.

पण मेंढ्या नदीत उतरण्याआधीच पाण्याची बासरी वाजली. कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. पुढे कातरणीची लय कात्री दिसण्याआधी सुरू होऊन संपली. मास्तरांनी एकदा मान वर केली, पडद्याकडे बघितले, गोंधळले, पुन्हा माझ्याकडे बघितले. मी सांगत होतो, सगळे ठीक आहे. त्यांनी माझे ऐकले.

मग म्हाळसाबाई दगडापाशी बसली. तिने तोंडावर पदर घेतला. सनई केव्हाच वाजून संपली होती. तिचे खांदे हलू लागले, आणि मी ढोल सोडला.

द्रुत लयीतला, अंगावर काटा आणणारा ढोल. तिचे हलणारे खांदे आणि तो ताल यांची अशी काही गाठ पडली, की क्षणभर सारे मैदान बघत राहिले. मागून एक पोरगे ओरडले, "आरं, म्हातारी नाचायली की!"

हशा पिकला. एकाने शीळ घातली. "म्हाळसाबाई, रुमाल घ्या हातात!" दुसरा म्हणाला. मास्तरांचे बोट माझ्या थांबवण्याच्या कळेवर होते. नुसते दाबायचे होते. त्यांनी ते दाबले नाही. बोट तिथेच राहिले आणि मी वाजवत राहिलो.

म्हाळसाबाई उठली. पडद्यावरचा प्रकाश तिच्या पाठीवर पडला होता. आपल्या माणसांकडे न बघता, पदर डोक्यावर घट्ट ओढून ती मैदानाबाहेर गेली. पडद्यावर गजीनाच आला तेव्हा माझा ढोल संपला होता आणि माणसे मुकाट नाचत होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत गेले नाहीत. त्यांनी कॅसेट लावली आणि मला चालवले. सगळे जुळले. पुन्हा लावली. पुन्हा जुळले. "मग काल काय झालं?" ते मला विचारत राहिले.

तेवढ्यात दत्तराव आला. त्याचे डोळे तारवटलेले होते. "आत्या म्हनती, माजं तोंड त्या कपड्यावरून पुसून टाक. पोरं आळीत खांदे उडवून दाखवायलेत तिला. मास्तर, तिला काढलं तर पिच्चरमधी ऱ्हायलं काय? मेंढरं?"

सगुणाबाईच म्हणाल्या, "आधी ते चुकलं कुठं, ते तर बघा की दोघं."

दत्तरावाने खेळाचे यंत्र घरी आणले. भिंतीवर रीळ आणि शेजारी टीव्हीवर कॅसेट, दोन्ही एकाच वेळी सुरू केली. आणि मित्रांनो, तेव्हा उलगडा झाला. टीव्हीवरच्या मेंढ्या आधी नदी उतरल्या, भिंतीवरच्या मागून. रिळाची चोवीस चित्रे एका सेकंदात सरकतात. कॅसेट तयार करताना तीच चित्रे सेकंदाला पंचवीस या वेगाने घेतली जातात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण वाट जितकी लांब तितका कॅसेटवरचा कळप पुढे जातो. म्हाळसाबाई दगडापाशी येईपर्यंत तो अर्धा मिनिट पुढे गेलेला होता. मी त्या पळणाऱ्या कळपाची लय मोजली होती.

दत्तराव सुटल्यासारखा म्हणाला, "म्हंजी तुमची चूक न्हाई, मास्तर! कॅसेटची हाय."

मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. "कॅसेटनं घात केला, खरं आहे. पण ढोल पडला तेव्हा मला बाई रडताना दिसत होती, दत्तराव. लोक हसताना ऐकू येत होते. माझं बोट कळेवर होतं. मला वाटलं, यंत्र सांगतंय म्हणजे बरोबरच असेल. मला थांबवायची लाज वाटली. चारचौघांत मशीन बंद पडली, असं लोक म्हणतील म्हणून."

मी तिथेच होतो. माझे यंत्र गरम होते, पंखा घरघरत होता. मला तोंड असते तर मी ते लपवले असते.

नकाशा सुधारणे अवघड नव्हते. प्रत्येक लय त्याच प्रमाणात उतरवली, आणि भिंतीवरच्या रिळाशी सगळे पुन्हा जुळले. पण म्हाळसाबाईचे काय? मास्तर तिच्या वाड्यावर, मेंढरांपाशी गेले. दोनदा ती मेंढरांमागे निघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं न्हाई, ते कळतंय मला. पर गाव हसलंय, मास्तर. ते कसं माघारी घेताव?"

"नाही घेता येत," मास्तर म्हणाले. "तुम्ही एकदा एकट्या बघा. मग म्हणाल तर काढून टाकू. दत्तराव कबूल आहे."

दत्तरावाच्या घरात, भिंतीवर, दार लावून तो खेळ झाला. म्हाळसाबाई, दत्तराव, मास्तर आणि मी, एवढेच. म्हाळसाबाई उंबऱ्याजवळ, केव्हाही उठता येईल अशी बसली. मास्तरांनी माझी कळ दाबली, आणि या वेळी माझ्याकडे पाठ करून ते भिंतीकडे तोंड करून बसले. बोट मात्र मागे, थांबवण्याच्या कळेवर.

काठी, नदी, कात्री, सगळे जिथल्या तिथे आले. मग ती दगडापाशी बसली आणि सनई सुरू झाली. मंद, एकेका श्वासाला एक ठोका. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतके नेमके काही वाजवले नव्हते.

"थांबवा," म्हाळसाबाई म्हणाली.

मास्तरांनी तत्क्षणी कळ दाबली. मी गप्प झालो. रिळाचा खटखट आवाज तेवढा उरला. भिंतीवर तिचे खांदे हलत होते. ती वाकून बघत होती, जणू दुसऱ्याच कुणा बाईला बघते आहे.

"रडताना मानूस आसं दिसतंय व्हय," ती हळूच म्हणाली.

दत्तराव म्हणाला, "आत्या, ती सनई चांगली हाय गं. ह्या बारीला चुकलेली न्हाई."

"चांगली आसंल. पर येडबा गेला तवा कुनी वाजवत न्हवतं तिथं. मेंढरं बी गप हुती. ऱ्हाऊ दे तसंच."

पदराआडून भिंतीवरच्या म्हाळसाबाईने डोळे पुसले, ती उठली, चालू लागली. उंबऱ्याजवळची म्हाळसाबाई एकदम म्हणाली, "आता नाच येतंय न्हवं? वाजवा की, मास्तर! बसलाव काय?"

मला मधेच थांबवलेले. माझा हिशेब तुटलेला. मला पुन्हा जोडून द्यायला सवड नव्हती. मास्तरांनी माझी तार ओढून काढली आणि पेटीवर स्वतः बोटे ठेवली. भिंतीकडे बघत त्यांनी ढोल धरला. नाचणारे पुढे गेले, ते मागे पडले, धडपडत त्यांनी गाठले, पुन्हा मागे पडले.

म्हाळसाबाई तोंडाला पदर लावून हसली. "मास्तर, कोकरू मागं ऱ्हाइल्यावानी करायलाव की वो!"

दिवा लागला. दत्तराव तिच्याकडे बघत राहिला. विचारायची त्याची छाती होत नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे माजं तोंड. पर ती जागा मोकळी ठिवा."

माझ्या नकाशात ती जागा आजही मोकळी आहे. पुढच्या गावांत चित्रपट दाखवला तेव्हा तिथे मी थांबे, आणि रिळाच्या आवाजात लोक गप्प बसत. तरीही राणीसावरगावच्या आळीत पोरे बरेच दिवस खांदे उडवत राहिली. ते मला दुरुस्त करता आले नाही, मास्तरांनाही नाही. तिथल्या शाळेजवळून एसटी जाताना ते खिडकीतून बाहेर बघायचे टाळत.

पुढे नवे संगणक आले, माझे सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मी माळ्यावर चढलो. माझ्यावरची धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. तुमच्या टेबलावरचे यंत्र माझ्याहून कितीतरी हुशार आहे, आणि त्याचे आकडेही अचूक असतील. तरी काम चालू असताना त्याच्यावरून मान वर करून समोरच्या पडद्याकडे, माणसांकडे बघत जा, मित्रांनो. तिथे कुणी पदराआड तोंड लपवलेले दिसले, तर यंत्र बिघडले असे लोक म्हणतील याची पर्वा करू नका. आधी कळ दाबा.